शेजारची जागा

दारावरचा निळा पडदा सारून फुमिए गुत्त्यात शिरली, तेव्हा तिला आधी ती बाईच दिसली. चाळिशीची, गोरी, मागे घट्ट अंबाडा. बाह्या कोपरापर्यंत सारून ती उकळत्या रश्शातले मुळ्याचे काप उलटत होती. फुमिएला वाटलं होतं, ओठ रंगवलेली कुणी सटवी असेल. ही तर सोज्वळ निघाली. त्याचाच तिला जास्त राग आला.

गावातल्या बायकांची सहल आकिताहून तोकियोला आली होती. बाकीच्या जणी रात्रीचे दिवे बघायला गिंझाला गेल्या. डोकं दुखतंय म्हणून फुमिए मागे राहिली आणि विचारत विचारत उएनोच्या पुलाखालच्या या बोळात आली. बर्फ पडायला लागलं की गावचे पुरुष इथे बांधकामावर येत. तिचा तोकुजीही. निघताना शेजारीण हसून म्हणाली होती, "दिवे कसले बघतेस? तुझा नवरा रोज कुणाच्या हातचं जेवतो, ते बघून ये!" तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. खरं निघालं तर परतीच्या गाडीने थेट माहेरी उतरायचं, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

कोपऱ्यात दोन स्टुलं रिकामी होती.

"इथं बसू का?"

"तिथे नको हं, ताई. इकडे या, शेगडीजवळ. आकिताच्या का तुम्ही?"

"नाही. आओमोरीची," फुमिएने खोटंच सांगितलं.

"असं होय! आमच्या तोकुजींचं बोलणं अगदी असंच. येतीलच आता."

आमच्या! फुमिएच्या अंगाची लाही झाली.

बाईने कोपऱ्यातल्या दोन्ही जागांपुढे वाट्या मांडल्या, साकेचे पेले मांडले.

"दोघं जेवणार वाटतं?" फुमिएने विचारलं.

"हो. ते आणि त्यांची बायको."

"बायको? ती येते इथं?"

"रोज!" बाई म्हणाली, आणि मग हसली. "येते कुठली! ती तिकडे गावाला. पण हे म्हणतात, लांब गेलेला माणूस उपाशी राहू नये म्हणून ती रोज घरी माझं ताट वाढते. मग तिनं एकटीनं का जेवावं? म्हणून तिची वाटी मांडायला लावतात. तिच्याशी बोलतात. गाईचं, छपरावरच्या बर्फाचं. कितीही गर्दी असो, त्या जागेवर कुणाला बसू देत नाहीत. एकदा मी टेकले घटकाभर, तर मलाही उठवलं."

ताट फुमिए वाढायची, रोज. गावात सगळ्याच घरी वाढतात. तोकुजीपाशी त्या ताटाचा शब्दही तिनं कधी काढला नव्हता.

बाईने मुळ्याचा वाफाळता काप तिच्या ताटलीत घातला. पडद्याकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"कुणाला सांगू नका. पण डोळ्यांनी कधी न पाहिलेल्या बाईवर जळणं काय असतं, ते तुम्हाला नाही कळायचं, ताई."