पॅक

शिवकुमारच्या हातात राजांची जोडी होती. रुपया-दोन रुपयांचं ऑनलाइन पोकर, समोर एकच भिडू उरलेला, आणि तो भिडू म्हणजे रुसून जयसिंगपूरला माहेरी जाऊन बसलेली त्याची बायको शांभवी. फोन उचलत नव्हती, पण दुपारी या टेबलावर मात्र न चुकता यायची. आज तिनं जवळचं होतं नव्हतं ते सगळं लावलं. मधल्या पानांत एक्का उघडा पडलेला, आणि शांभवी उगाच लावणारी नव्हे. तरी राजे सोडायचे कसे?

"तुमी पत्त्यात पॅक करत न्हाईसा, भांडणातबी न्हाई," असं म्हणूनच ती गेली होती.

बोट बराच वेळ घुटमळलं. अखेर त्यानं 'पॅक'चं बटण दाबून राजे टाकून दिले.

चॅटमध्ये लगेच तिचा मेसेज आला, "पॅक? तुमी?"

"व्हय. तुझंच बरोबर असणार."

जरा वेळानं उत्तर आलं, "मग मीबी पॅक केलं."

शिवकुमार चक्रावला. डाव तर तिनंच जिंकला होता.

"पत्त्याचं न्हवं हो, बॅगेचं. सांजच्याला न्यायला या की."