उघाडीवरचा दगड

"आत्ये, आजच्या ओहोटीत तुझ्या गळाला जिताडा लागला नाही, तर हा दगड माझा," पद्माकर म्हणाला.

बांधाच्या उघाडीच्या झडपेतून खाडीचं पाणी जिथं सुटतं, तिथल्या दगडावरून चांगुणाआत्या चाळीस वर्षं गळ टाकत होती. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि म्हातारीनं घरी बसावं असं भाच्याला वाटत होतं.

त्यानं आपल्या दोराला आमिष म्हणून चंदेरी रबरी मासा बांधला. दुकानात तोच सगळ्यांत जास्त चकाकत होता. उरलेल्या रबरी माशांचा डबा त्यानं तिच्यापुढे सरकवला. "घे, निवड. रंग दिसला तर!"

आत्या वाकून एकेक मासा गढूळ पाण्यात वीतभर बुडवून बघू लागली. चंदेरी गेला, पिवळा गेला, हिरवाही दिसेनासा झाला. काळा मात्र सावलीसारखा उरला.

"काळा? जिताड्याला काय तीट लावतेस?" पद्माकर हसला.

"या गढुळात त्याचेही डोळे माझ्यासारखेच, बाबा. मला दिसेल तेच त्याला दिसेल."

ओहोटी निम्मी उतरली आणि तिच्या गळाची काठी वाकली. तिनं दोर सोडला, ओढला, पुन्हा सोडला. शेवटी हातभर लांबीचा जिताडा दगडावर येऊन तडफडू लागला.

पद्माकरनं दोरावरचा चंदेरी मासा सोडला आणि तो डब्यात काळा शोधू लागला.

"एकच होता," आत्या गळ टाकत म्हणाली. "आणि दगडही एकच आहे. सरक पलीकडे, पाण्यावर तुझी सावली पडतेय."