रुखसतीपाशी अडतंय

लग्नाचा व्हिडिओ जोडताना लॅपटॉपने पुन्हा मान टाकली आणि तीही नेमकी रुखसतीपाशी, नवरीच्या पाठवणीपाशी. पडद्यावर तीच चौकट आली: मेमरी अपुरी आहे, इतर प्रोग्राम बंद करा. फरहाने कपाळावर हात मारला. बंद करायला आता उरलं होतं काय? सकाळपासून तिने ब्राउझर बंद केला, टेम्पररी फायली उडवल्या, मशीन दोनदा बंद करून चालू केलं, चित्र तर इतकं हलकं केलं की नवरी कोण आणि नणंद कोण ते ओळखू येईना. हळद सुरळीत पार पडे, मेहंदी पार पडे. नवरी दारापाशी आली की लॅपटॉप आडवा.

लग्नात पुरुषांकडचं शूटिंग नारायणगावच्या फोटोवाल्याने केलं होतं. बायकांत परका कॅमेरा यायचा नाही, ही त्यांच्या घरची रीत. म्हणून बायकांनीच आपापल्या मोबाइलवर जमेल तसं टिपलं आणि ते सगळं जोडायचं काम कॉम्प्युटरचा कोर्स केलेल्या फरहाच्या गळ्यात पडलं.

आज जुम्मगी होती. लग्नानंतरच्या जुम्म्याला, शुक्रवारी, लेक-जावयाने माहेरी जेवायला यायचं, त्याप्रमाणे मनाल घोडेगावहून दुपारीच आली होती. जावई तालिब बाहेर पुरुषांत बसला होता. मनाल आपल्या धाकट्या बहिणीच्या, फरहाच्या, शेजारी पलंगावर पाय दुमडून बसली होती आणि अम्मी स्वयंपाकघरात होती. आल्यापासून मायलेकींत एक सलाम झाला होता आणि एक "बरी हाये". फरहाला ते फार लागलं होतं. या अबोल्याचं कारण तिला माहीत होतं. रुखसतीच्या वेळी सगळा मोहल्ला दारात लोटला, तेवढी अम्मी आली नाही. मनाल चौकट धरून वाट पाहत राहिली. शेवटी बायकांनीच तिला गाडीत बसवलं.

फरहाने रुखसतीचा तुकडा पुन्हा उघडला आणि खोट कुठे आहे ते तिच्या ध्यानात आलं. त्या वेळी झाडून सगळ्या बायकांनी मोबाइल वर धरले होते. कुणाचं मन मोडायला नको म्हणून तिने सगळ्यांच्या क्लिपा एकावर एक रचल्या होत्या, त्याही नुसती नावं बघून. एवढं ओझं एकदम उचलायचं म्हणजे बिचाऱ्या लॅपटॉपची छाती फुटायचीच.

"एकीचीच ठिवावी लागंल," ती म्हणाली. "कुणाची ठिवू?"

"कुणाचीबी ठिव. नायतर पार काढूनच टाक. तशीबी त्यात अम्मी कुठं हाये?"

मनाल हे जरा मोठ्यानेच बोलली. स्वयंपाकघरातला डाव क्षणभर थांबला, मग पुन्हा पातेल्यात फिरू लागला.

फरहा एकेक क्लिप बघून काढत गेली. सगळ्या सारख्याच होत्या. बायकांच्या पाठी, लाल ओढणी, पुन्हा पुन्हा मागे वळून बघणारी मनाल. शेवटची खैरूनखालाची, त्यांच्या मावशीची. ती सुरू झाली आणि फरहाला हसू आवरेना. खालाने नव्या फोनचा पुढचा कॅमेरा चालू ठेवला होता. फोन उंच धरून, नवरीकडे बघत ती ओक्साबोक्शी रडत होती आणि फोन मात्र नवरी सोडून तिलाच टिपत होता. मनालसुद्धा फिसकन हसली.

मग ती हसायची थांबली.

खालाच्या खांद्यामागे स्वयंपाकघराचं दार दिसत होतं. दारात नूरबी, त्यांची अम्मी. तोंडात पदराचा बोळा. तिने एक पाऊल बाहेर टाकलं, मागे घेतलं. पुन्हा टाकलं, पुन्हा घेतलं. बाहेर गाडीचं दार लागल्याचा आवाज आला आणि ती धावत सुटली. खालाला धक्का लागला, फोन पडला. नुसतं छत दिसत राहिलं आणि लांब जाणाऱ्या गाडीच्या आवाजामागे एकच हाक ऐकू आली, "मनू!"

"पुन्हा लाव," मनाल म्हणाली.

फरहाने लावलं. ती हाक स्वयंपाकघरापर्यंत गेली असावी. नूरबी पिठाच्या हातांनी दारात आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

"अम्मी, तू आली व्हतीस?"

"आले व्हते गं. उशीर झाला."

"मग आधी का नाय आलीस? किती वाट बघितली मी."

नूरबीने हात पदराला पुसले, तरी पीठ तसंच राहिलं. "तुझा हात एकदा हातात घेतला असता ना, तर मी सोडला नसता. तेवढ्या लोकांत तमाशा झाला असता बाई."

मनाल उठली आणि तिच्या गळ्यात पडली. दोघी मग जे रडल्या, ते रुखसतीपासूनचं साचलेलं होतं. फरहानेही डोळे पुसले आणि खालाची तेवढी क्लिप ठेवून बाकीच्या काढून टाकल्या.

"ती काढ गं," नूरबी रडता रडता म्हणाली. "खैरूनची हनुवटीच दिसतीया नुसती. लोक हसत्याल."

"हसू दे," मनाल म्हणाली. "तीच ऱ्हाऊ दे."

व्हिडिओ या खेपेला न अडता पार पडला.

संध्याकाळी जेवणं आटोपली. तालिबने सासऱ्यांचा निरोप घेतला, मनाल सगळ्यांना भेटली. अम्मी तेवढी कुठे दिसेना. मनालने स्वयंपाकघरात पाहिलं, मोरीत पाहिलं. तिचा चेहरा उतरला. दोघी बहिणी बाहेर आल्या आणि तालिबने गाडीचं मागचं दार उघडलं.

आत नूरबी बसली होती. पायात चपला, मांडीवर डबा.

"नारायणगावपर्यंत येते," ती सरकून जागा करत म्हणाली. "परत यायला जीप मिळती."