यंदाच्या दोन नव्या

खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते आणि त्यांना कुंकू लावायचा मान घरच्या सुनेचा, म्हणजे माझा. ह्यांना जुन्या बंदुका जमवायचा नाद. यंदा दोन नव्या आल्या होत्या. त्या बघायला ह्यांचे दोस्त आणि थोरले काका पाटाभोवती वाकले होते.

पहिलीला मी कुंकू लावलं. दुसरीला बोट टेकवणार, तेवढ्यात हे म्हणाले, "खरी ही बघा. पलीकडच्या गावच्या इनामदारानं हिनंच बायकोला गोळी घातली. परवा नातवानं विकली. दस्ता अक्रोडाचा, अजून एक ओरखडा नाही."

"का घातली?" कुणीतरी विचारलं.

"भाकरी गार वाढली म्हणून म्हणे."

सगळे हसले. काका म्हणाले, "एका अर्थी भाग्याचीच बाई. सवाष्ण गेली."

कुंकवाचं बोट मी ताटाच्या कडेला पुसलं आणि विचारलं, "त्या बाईचं नाव काय होतं?"

ह्यांना बंदुकीचा नंबरसुद्धा पाठ होता. नाव काही येईना.

"सूनबाईंचं बरोबर आहे," काका म्हणाले. "नाव विचारून ठेव. नावासकट संग्रहात शोभून दिसेल."

ह्यांनी लगेच त्या नातवाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला. "अहो, तुमच्या आजीचं नाव काय होतं?"

"तसं कधी कुणाला विचारलं नाही," पलीकडून तो म्हणाला. "का हो, बंदुकीत काही खोट निघाली का?"