सैल हात

रविवारचं कोवळं ऊन पायरीवर उतरलं, तशी तीही उतरली. हातात एकच सिगार, अठरा वर्षं डब्यात जपलेली.

सून दारातून कुजबुजली, "अहो आई, लोक बघतायत!"

"बघू देत की. बघायला पैसे पडत नाहीत."

खरी धास्ती लोकांची नव्हतीच. ही सिगार तिनंच वळलेली. कारखान्यातल्या तपासनीस साहेबांनी ती चिमटीत दाबून बघितली, ‘हात सैल’ म्हणून नापासांच्या टोपलीत टाकली आणि तिला वळायच्या टेबलावरून उठवून लेबलं चिकटवायला बसवलं, ते कायमचं. टोपलीतली सिगार तिनं गुपचूप घरी आणली खरी, पण पेटवायचा धीर होत नव्हता. साहेबांचंच खरं निघालं तर?

आज तिनं काडी ओढली.

धूर मऊ आला, जुन्या लाकडाच्या वासाचा. सिगार एकसारखी जळत गेली. राख दोन पेरं वाढली, तरी आईला बिलगल्यासारखी जागची हलेना. सिगार सैल हाताची असती, तर राख केव्हाच गळून पडली असती.

कुंपणापाशी एक काठी थांबली. फेरफटक्याला निघालेले तेच साहेब, आता निवृत्त. त्यांनी तिला ओळखलं नाही. वास मात्र ओळखला.

"वा! असा माल हल्ली वळतंय कोण? बाई, एक झुरका द्याल?"

ती जागची उठली नाही.

"नाही जमायचं, साहेब. नापास माल गिऱ्हाइकाला द्यायचा नाही, हा नियम तुमचाच."