एकाहत्तरावं मिनिट

पडद्यावर थप्पड वाजली आणि आठांपैकी पाच मुलांनी डोळे मिटले. त्याने मांडीवरच्या तक्त्यात पाच वेळा ‘ड’ लिहिलं. वेळ, बावन्नावं मिनिट.

पडद्याकडे पाठ करून बसायचं, हेच त्याचं काम. मोठ्यांसाठी काढलेला सिनेमा बारा वर्षांखालच्यांना दाखवावा की नाही, हे ठरवायच्या आधी मंडळ आठ मुलांना बोलावून तो दाखवी, आणि कुठलं मूल कुठे घाबरलं ते हा टिपून घेई. डोळे मिटले की ‘ड’, कान झाकले की ‘क’, शेजारच्याला धरलं की ‘श’, उठून गेलं की ‘उ’. बारीकशा दिव्याशी, अंधारात डोळे ताणून बसतो म्हणून कचेरीत त्याला घुबड म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ठाऊक होतं. चौदा वर्षं झाली या कामाला. पोरांचे चेहरे वाचण्यात आपला हात कुणी धरणार नाही असं त्याला वाटे, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

आज आठांतलं एक मूल तापाने आडवं झालं. घरचं मूल आणायचं नाही असा नियम. पण खेळ पुढे ढकलता येईना, तेव्हा मंडळाच्या मुख्य बाईंनी कानाडोळा केला आणि तो आपल्या धाकटीला घेऊन आला. वय नऊ. “वळवळ करायची नाही. माझी मान खाली जाईल असं वागू नकोस,” एवढंच त्याने वाटेत सांगितलं होतं.

ती तिसऱ्या खुर्चीत होती. थपडेला तिने डोळे मिटले नाहीत. त्याला बरं वाटलं. पोरगी धीट आहे, आणि का नसावी? घरात तिने कधी मारहाण पाहिली नव्हती. त्याने आजवर तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं, आणि हे तो चारचौघांत सांगतही असे.

सिनेमा पुढे सरकला. मुलं कंटाळली. एकाने भली मोठी जांभई दिली, दुसऱ्याने पुढच्या रिकाम्या खुर्चीला लाथा मारायला सुरुवात केली. त्याला तक्त्यात खूण नव्हती.

एकाहत्तराव्या मिनिटाला त्याच्या पाठीमागे कुलपात किल्ली फिरली. दार उघडलं. बूट निघाले, आधी एक, मग दुसरा. किल्ल्या टेबलावर पडल्या. बोलणं नाही, संगीतही नाही.

लाथा चालूच होत्या. जांभईवाला आता आळस देत होता. तिसऱ्या खुर्चीत मात्र पाय आत ओढले गेले. दोन्ही तळवे गुडघ्यांवर आले, पाठ सरळ झाली. मग ती हललीच नाही. पापणीसुद्धा नाही.

त्याने पेन्सिल टेकवली. पण लिहिणार काय? डोळे उघडे होते, कान मोकळे होते. घाबरलेलं मूल हलतं, अशा हिशेबाने तो तक्ता केलेला होता, आणि केला होता त्यानेच.

मग त्याच्या ध्यानात आलं. सात मुलं त्याच्या डोक्यावरून पडद्याकडे बघत होती. आठवी नजर तेवढी खाली होती. ती त्याच्याकडे बघत होती.

रोज संध्याकाळी दार उघडलं की त्याला हेच दिसे. सरळ पाठ, गुडघ्यांवर हात, समोर उघडं पुस्तक. गुणाची पोर, असं तो म्हणे. घरी येऊन तो असं करायचा तरी काय? आरडाओरडा नाही, हात उगारणं नाही. कुठली वस्तू जागेवर नाही तेवढं बघायचा, आणि ज्याची चूक असेल त्याच्याशी चार-चार दिवस बोलायचा नाही.

पडद्यावरचा माणूस काय करत होता कुणास ठाऊक. मान वळवून बघायचा त्याला धीर झाला नाही.

दिवे लागले. मुलांना खाऊसाठी पलीकडच्या खोलीत नेलं. बाईंनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि तक्ता हातात घेतला.

“थप्पड, बाटली फुटते ते, दवाखाना. नेहमीचंच आहे,” त्या म्हणाल्या. “आईबाप सोबत असतील तर हरकत नाही, असं देऊन टाकू. आणि हे काय, एकाहत्तर? वेळ लिहिलीत, खूण नाही.”

“त्याला खूण नाहीये बाई.”

“पण कुणीतरी घाबरलं ना?”

“हो. तीन नंबर.”

तीन नंबर कोण, ते बाईंना माहीत होतं. त्यांनी उगाच पान उलटून पुन्हा सरळ केलं.

“अहो, पण तिथे आहे काय घाबरण्यासारखं?”

“माणूस घरी येतो,” तो म्हणाला.

“आणि?”

“आणि काही नाही. घरी येतो.”

बाईंनी चष्मा पुन्हा कपाळावर सारला. मग हळूच म्हणाल्या, “आईबाप सोबत असतील तर, असंच लिहू ना?”

त्याने पेन्सिल खिशात ठेवली.

पलीकडून पोरांचा कालवा ऐकू येत होता. निघताना त्याने गाडीच्या किल्ल्या काढल्या. त्या खुळखुळल्या, तशी त्याने मूठ आवळली आणि तो दाराशी जाऊन उभा राहिला. धाकटी टेबलावर चढून बसली होती. तोंडात बिस्किट कोंबून ती जांभईवाल्याला काहीतरी सांगत होती, हसत होती आणि दोन्ही पाय हलवत होती. तिला पाय हलवताना त्याने कधी पाहिलं नव्हतं.

तिची नजर दाराकडे गेली. पाय थांबले. ती खाली उतरली, फ्रॉकवरचा चुरा झटकला आणि ताठ उभी राहिली.

“बाबा,” तो काही विचारायच्या आतच ती म्हणाली, “मी अजिबात हलले नाही.”