सुनेच्या गोळ्या

भिकाबाईंनी गोळ्यांचं पाकीट ओसरीवर उत्तमरावांच्या पुढ्यात ठेवलं. अर्ध्या गोळ्या संपलेल्या होत्या.

"सुनंच्या कपाटात सापडलं," त्या म्हणाल्या. "वारंगा फाट्याच्या मेडिकलवाल्याला दाखवून आले. लेकरू ऱ्हाऊ नये म्हनून बी खातेत ही गोळी. आन् तुमी दोन वर्सं झाले नातवाची वाट पाहून राहिले."

भिकाबाई उत्तमरावांच्या थोरल्या बहीण. हळदीच्या दिवसांत महिनाभर कुरुंद्याला माहेरी येत. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे.

मंजुषा दारात उभी होती. हळद शिजवून आलेली, हात कोपरापर्यंत पिवळे. उंबऱ्याच्या आत तिची सासू नर्मदाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, पदरानं गळ्याचा घाम टिपत.

"ह्या कोनी आनल्या?" उत्तमरावांनी विचारलं.

"मीच आनते, मामा. वसमतहून."

"कायच्या हायेत?"

"गर्भपिशवीत गाठी झाल्या की देतेत."

तिचा नवरा सोमेश्वर खांबाशी उभा होता, त्यानं तोंड फिरवलं. असले शब्द त्या घरात पुरुषांसमोर कधी निघाले नव्हते. लग्नानंतर आठवड्याभरातच नर्मदाबाईंनी सुनेला बजावलं होतं, बायकांचं दुखणं बायकांतच जिरवायचं.

"म्हंजे गाठी हायेत," भिकाबाई म्हणाल्या. "परवा न्हानीमागं ओकारी पडली व्हती. ही माती टाकून राहिली व्हती वरून. मला वाटलं, दिवस गेले."

"गोळ्यांनी व्हते तसं, आत्या. मळमळते. अंगातून वाफा निघतेत. पाळी बी दोन-दोन महिने येत न्हाई."

"नर्मदे, तुला ठावं व्हतं?" भिकाबाईंनी आत वळून विचारलं.

नर्मदाबाईंची मान खाली गेली. "व्हय," त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांच्या त्यांनाच जेमतेम ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी शिरड शहापूरहून मंजुषाचे वडील हरिचंद आले. उत्तमरावांनी फोनवर सगळं सांगितलंच होतं; पाकीट अजून त्यांच्या पुढ्यातच होतं. पाण्याचा तांब्या पुढं आला, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"नांदेडला दाखवू, पाव्हणं. इलाज मी करतो. पोरीला पदरात ठेवा."

"मला एकच पोरगं हाय," उत्तमराव म्हणाले. "आज घेऊन जा तिला. फुडचं फुडं बघू."

हरिचंदांनी लेकीकडे पाहिलं. "आमच्यापसून काहून लपवलं गं? मायला तरी सांगायचं."

मंजुषा आत जाऊन कपडे भरू लागली.

चुलीपाशी चहा उकळून उकळून काळा झाला होता. नर्मदाबाईंना तो गाळून बाहेर नेता येईना. हरिचंदांचं उघडं डोकं त्यांना आतूनही दिसत होतं. आपण या घरात पंचवीस वर्षं डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही, लोक नाव घेतात, आणि आज आपल्या ओसरीवर कुणाचा तरी बाप असा बसलाय. त्यांच्या कानशिलातून जाळ निघाला. लाजेचा होता की कशाचा, त्यांना कळेना.

मंजुषा पाया पडायला आली. डोळे कोरडे होते. वाकल्या वाकल्या ती हळूच म्हणाली, "उपाशीपोटी ऱ्हात नका जाऊ, आई."

ती बाहेर गेली. हरिचंदांनी टोपी घातली, लेकीची पिशवी उचलली.

नर्मदाबाई उंबरा ओलांडून ओसरीवर आल्या. त्यांनी कुणाकडेच पाहिलं नाही. उत्तमरावांच्या पुढ्यातलं पाकीट घेतलं, एक गोळी काढून जिभेवर ठेवली आणि पाहुण्यासाठी भरलेला तांब्या तोंडाला लावला.

"काल माझी गोळी चुकली," त्या म्हणाल्या.